सोनं वर, काळं हाताशी

मोहरमची एक तारीख लागली की माझ्या फोनवर स्टेटसची लाईन लागते आणि त्यातली निम्मी एकाच व्हिडिओची असतात, मक्केत काबाचं जुनं आवरण उतरवून नवं चढवतायत, छतावर माणसं, खाली माणसं, मध्ये दोर, आणि कॅमेरा सारखा त्या सोनेरी अक्षरांवर जाऊन थांबतोय. (२०२२ च्या आधी हे काम हजच्या दिवसांत, अरफातच्या दिवशी, म्हणजे हाजी अरफातच्या मैदानात जमतात तेव्हा, व्हायचं, आता इस्लामी वर्षाच्या पहिल्या दिवशी करतात.) खाली कॉमेंटमध्ये सगळा हिशोब सोन्याचा. किती किलो, किती कोटी, खरं सोनं का पॉलिश. आणि मी मात्र फोन नाकाजवळ धरून काळ्या कापडावर झूम करत बसलेली असते, कारण व्हिडिओवाल्याला काही पडलेली नसली तरी त्या काळ्यात पण अक्षरं आहेत.

ही खोड बाबांची. बाबा सोलापुरात चादरीच्या कारखान्यांत डिझाईन मास्तर होते, आधी साखर पेठेत, नंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत. कुठलंही कापड हातात आलं की हा माणूस ते आधी उलटं करणार. सुलटी बाजू दुकानदार दाखवतो, उलटी कापड स्वतः दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. लग्नात नवरीच्या शालूचा पदर उलटा करून बघितलेला आहे त्यांनी, नवरी त्यात असताना. आई लांब जाऊन उभी राहिली होती.

तर ते काळं कापड. किस्वा म्हणतात त्या आवरणाला. रेशीम आहे, काळंभोर रंगवलेलं, ताणाही काळा बाणाही काळा, आणि तरी त्यात लिहिलंय. नागमोडी पट्ट्या, वर जाऊन खाली येणाऱ्या, आणि त्या पट्ट्यांच्या पोटात 'या अल्लाह', 'ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह', 'सुब्हानल्लाह' हे शब्द पुन्हा पुन्हा, वरपासून खालपर्यंत. वेगळा रंगच नाही तर अक्षर दिसतं कशाने? विणीने. एका जागी धागे वर तरंगत ठेवायचे, म्हणजे तिथे चकाकी येते, शेजारी बांधून घ्यायचे, तिथे उजेड मरतो. बस्स एवढंच. समोरून बघा, काळं. जरा बाजूला सरका, अक्षर वर येतं. हे सगळं जॅकार्डवर होतं, म्हणजे आमच्या सोलापुरी चादरीवरचा मोर ज्या मशीनवर निघतो त्याच जातीच्या मशीनवर. फरक एवढाच की आमच्या चादरीला दोन्ही बाजू लागतात, एकीकडे लालावर पांढरा मोर तर पलीकडे पांढऱ्यावर लाल, आणि सूत जाडं, धुतलं की मऊ होणारं. तिकडे रेशीम, आणि धागे इतके दाट की मीटरमागे दहा हजारांच्या घरातला आकडा छापून आला होता, बाबांना वाचून दाखवला तर म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तुटला धागा तर शोधणार कसा तो माणूस?"

हा प्रश्न बाकी कुणाला पडलेला मी अजून बघितला नाही.

मला यात इंटरेस्ट लागला तो चाचींमुळे. चाची म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई, विजापूर वेशीच्या आतल्या बाजूला घर, दहावीपर्यंत माझी निम्मी संध्याकाळ तिथेच गेलेली. त्या काही वर्षांपूर्वी उमराहला, म्हणजे हजव्यतिरिक्त करतात त्या मक्केच्या यात्रेला, जाऊन आल्या. परत आल्यावर खजूर, जमजम, सगळं घरोघर वाटून झालं, आणि मग मी विचारलं की चाची, जवळून बघितलं का, ते सोन्याचं काम कसं दिसतं हो. तर म्हणाल्या, "सोनं लई वर हाय बेटा. तिथं हात कुठं पोचतोय. हाताला लागतं ते काळंच." आणि बोटं अशी एकमेकांवर घासून दाखवली. अक्षर बोटाला लागतं, डोळ्याला नंतर दिसतं, आणि ऊदचा वास हाताला येतो तो हात धुवावासा वाटत नाही, हे सगळं त्या एका दमात बोलल्या.

मग मी शोधाशोध केली तर खरंच आहे. जरीकामाचा जो पट्टा दिसतो, हिजाम म्हणतात, तो आवरणाच्या वरच्या भागात, जमिनीपासून साधारण दोन तृतीयांश उंचीवर. किस्वाची उंची १४ मीटर, म्हणजे पट्टा चारपाच पुरुष वर गेला. हा पट्टा तुकड्या-तुकड्यांत भरलेला, १६ तुकडे, चारही बाजूंनी मिळून ४७ मीटर लांब, जवळपास मीटरभर रुंद, आणि त्यावर कुराणातल्या आयती सुलुस नावाच्या वळणदार अरबी लिपीत. त्याखाली सुटे चौकोन, दिव्यांच्या आकाराचे तुकडे. आणि दरवाजावरचा पडदा वेगळा, सगळ्यात भरगच्च काम त्याच्यावर. २०२४ च्या किस्वाला साधारण १००० किलो कच्चं रेशीम, १२० किलो सोन्याचा मुलामा दिलेली तार आणि १०० किलो चांदीची तार लागल्याचं बातम्यांत होतं. हे आकडे मला पण भारी वाटतात, खोटं कशाला बोलू. पण माणसाच्या हाताच्या उंचीवर जे कापड येतं, ज्याला लाखो लोक हात लावून रडतात, त्यावर दरवाजाचा पडदा सोडला तर सोन्याचं काम नाही, हे मला त्या किलोंपेक्षा जास्त लक्षात राहिलं. हजच्या गर्दीत तर ते काळंही हाताशी ठेवत नाहीत. खालचा भाग काही मीटर वर गुंडाळतात आणि तिथे पांढरं कापड लावतात, काबाला एहराम बांधला म्हणतात, म्हणजे हाजी जसे पांढरे कपडे घालतात तसाच. कारण साधं आहे, लोक ओढतात, आठवण म्हणून तुकडा कापतात.

एकदा मी मैत्रिणीला म्हटलं, आपल्या पंढरपूरला विठोबाला रोज पोशाख असतो, तसंच की हे. ती उर्दू शाळेत शिकवते, लगेच बाईंच्या आवाजात, "तसं नाही गं. तो देव नाही, ती दिशा आहे. आम्ही तिकडे तोंड करतो, त्याला नमस्कार करत नाही." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "पण कापड नेसवायचा जीव मात्र सगळ्यांचा सारखाच असतोय."

हा जीव जुना आहे. काबाला कापड घालायची पद्धत इस्लामच्याही आधीची, परंपरा सांगते की येमेनच्या हिम्यर घराण्यातल्या राजाने पहिल्यांदा घातलं. पैगंबरांनी ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर येमेनी कापड चढवलं. नंतर इजिप्तचं पांढरं कापड आलं. आणि गंमत बघा, तेव्हा जुनं काढायची पद्धत नव्हती, नवं आलं की जुन्यावर टाकायचं. खलिफा अल-महदी ७७७ च्या हजला आला तेव्हा तिथल्या सेवेकऱ्यांनी तक्रार केली की साहेब, कापडाचं ओझं इतकं झालंय की इमारतीलाच धोका आहे. त्याने सगळं उतरवायला लावलं, इथून पुढे एका वेळी एकच. रंगही काळाच होता असं नाही, पांढरा, लाल, पिवळा, हिरवा सगळं झालं, काळा पक्का झाला तो अब्बासी खलिफा अल-नासिरच्या काळापासून, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर. त्या सेवेकऱ्यांच्या तक्रारीचं मला फार आवडतं. भक्तीचं वजन झालं आणि कुणाला तरी ते भिंतीवर दिसलं.

पुढची कित्येक शतकं हे कापड कैरोत बनायचं. इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांनी त्याच्या खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलं होतं, ऑटोमन आले त्यांनी त्यात भर घातली. कापड कोण देणार यावरून राजे भांडायचे, कारण जो काबाला नेसवतो तो मोठा. तैमूरचा मुलगा शाहरुख हेरातवरून मागे लागला होता की आमचं पण घ्या, कैरोचा सुलतान बार्सबाय ऐकेना. दरवर्षी कैरोहून काफिला निघायचा, सगळ्यात पुढे उंटावर जरीची एक अंबारी, महमल म्हणायचे. भरतकामाने मढवलेली, वर सुलतानाचं नाव, आणि आत कुणी बसलेलं नसायचं. रिकामी अंबारी आणि तिच्या मागे हजारो माणसं.

१९२६ साली हीच महमल बँड वाजवत मक्केजवळच्या मिनाला पोचली आणि तिथे नवीन सत्तेवर आलेल्या सौदींच्या इखवान नावाच्या कट्टर लढवय्या मंडळींना ते वाद्य-बिद्य अजिबात सहन झालं नाही, दगड, मग इजिप्तच्या सैनिकांच्या गोळ्या, माणसं मेली. संबंध बिघडले. पुढच्या वर्षी इजिप्तकडून किस्वा आलीच नाही. आणि इथे आपला धागा येतो. सौदी राजे अब्दुल अझीझ यांनी १९२७ मध्ये मक्केतच अज्याद भागात कारखाना काढला, आणि तो चालवायला विणकर-कारागीर नेले ते हिंदुस्थानातून. नंतर इजिप्तशी जमलं, तिकडून पुन्हा येऊ लागली, १९६२ मध्ये ते कायमचं बंद झालं, आणि आता १९७७ पासून उम्म अल-जूदला मोठा कारखाना आहे. आज त्या सोनेरी आयतींचं लेखन करणारे सुलेखनकार मुख्तार आलिम, जन्म मक्केतलाच, पण घराणं मूळचं बांगलादेशचं. किस्वावर एक छोटी पट्टी असते, हे आवरण मक्केत बनलं आणि अमुक राजाने काबाला भेट दिलं असं सांगणारी. अज्यादच्या त्या माणसांची नावं मला कुठे सापडली नाहीत. बाबांना याचं काही वाटलं नाही. त्यांच्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत किती डिझाईनं निघाली, लेबलवर नाव कारखान्याचं. "पगार टाईमवर मिळाला असंल तर ठीकाय," म्हणाले.

आता चाचांकडे येते. चाचा जरदोजीचं काम करतात, त्यांचे वडीलही करायचे. घराच्या पुढच्या खोलीत अड्डा मांडलेला, म्हणजे चार लाकडी पट्ट्यांची चौकट, खाटेएवढी, त्यावर कापड चारही बाजूंनी दोरीने ओढून बांधलेलं, टिचकी मारली की आवाज येतो. आम्ही लहानपणी त्याच्याखाली शिरायचो आणि शिव्या खायचो. दर्ग्याचे गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायच्या चादरी, मशिदीच्या मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांवर टाकायचं कापड, मोहरमच्या पंज्यांना बांधायचे जरीचे कपडे, ही त्यांची जुनी कामं. आता त्याच अड्ड्यावर लग्नाचे ब्लाऊज पण असतात. सोलापुरात सध्या आरी वर्कचं इतकं पेव फुटलंय की दर गल्लीत क्लास आहे, आणि एका टोकाला कोंतम चौकातल्या कुणाच्या तरी मुलीच्या ब्लाऊजवर मोराचं पीस भरणं चाललंय आणि दुसऱ्या टोकाला आयत, असं मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त आयतीचं काम सुरू असताना चाचा वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन बसतात आणि ब्लाऊजवाली पोरं त्या बाजूला पाय करत नाहीत.

मी एकदा त्यांना एक नून भरताना बघत बसले होते. नून म्हणजे ते अक्षर, पसरट वाटीसारखं आणि वर एक टिंब. आधी कागदावर अक्षर काढून त्याच्या रेषेवर सुईने भोकं पाडलेली असतात, तो कागद कापडावर ठेवून वरून पांढरी भुकटी फासतात, कागद उचलला की ठिपक्या-ठिपक्यांचं अक्षर खाली. मग त्या रेषांच्या आत जाड सुती दोरा आडवा भरून उंची करून घ्यायची. काही जण इथे पुठ्ठा कापून ठेवतात, चाचांना त्याचा राग, गुलाबपाणी पडलं की पुठ्ठा फुगतो म्हणतात. मग दबका. दबका म्हणजे बारीक तारेची स्प्रिंग असते, आतून पोकळ. अक्षराच्या रुंदीएवढे तुकडे कात्रीने कापायचे, सुईत एकेक तुकडा मण्यासारखा ओवायचा आणि त्या सुती उंचवट्यावर आडवा झोपवायचा. अलिफ किंवा लाम अशी उभी अक्षरं असतील तर हात पळतो. नूनच्या वळणावर मात्र भानगड. वळणाच्या आतल्या अंगाला तुकडे एकमेकांवर चढायला बघतात आणि बाहेरच्या अंगाला फाकतात, फटीतून खालचा पांढरा दोरा दिसतो. मग चाचा प्रत्येक तुकडा केसाएवढा लांब कापत जातात आणि किंचित तिरका लावत जातात, असं की वळण संपेपर्यंत तुकडा पूर्ण फिरलेला असतो पण फिरला कुठे ते सापडत नाही. एका नूनला अर्धी दुपार गेली. मी विचारलं, एवढं कोण बघणार चाचा. ते वर न बघता म्हणाले, "जो बघायचा तो बघतोय की."

कापलेल्या तारेचे बारके तुकडे, दोऱ्याची टोकं, सगळं वेगळ्या पिशवीत. आयतीच्या कामाचा कचरा झाडूने गोळा करत नाहीत, तो हाताने वेचतात आणि नंतर जिथे माणसाचा पाय पडणार नाही अशा ठिकाणी पुरतात. ब्लाऊजचा कचरा मात्र सरळ केराच्या बादलीत.

आणि एक. रेशीम आणि सोनं हे दोन्ही पुरुषाने अंगावर घालायला इस्लामात मनाई आहे. म्हणजे चाचांची सगळी जिंदगी जरीत आणि रेशमात गेली, बोटांच्या पेरांना जरीने घट्टे पडलेत, आणि अंगात कायम पांढरा सुती कुडता. हे मी बोलून दाखवलं तर हसले, म्हणाले हलवाई कुठे जिलबी खातो.

राजांचं तसं नव्हतं बरं का. ते घालायचे. कापडावर नाव भरून घ्यायची हौस तर खलिफांची सगळ्यात मोठी, तिराज म्हणायचे त्या कापडाला, काठावर खलिफाचं नाव आणि दुआ, स्वतःच्या कारखान्यात विणून-भरून घ्यायची आणि खिलत, म्हणजे मानाचा पोशाख म्हणून मर्जीतल्या लोकांना वाटायची. कुणाचं नाव नाण्यावर, कुणाचं शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजच्या प्रवचनात, आणि कुणाचं कापडाच्या काठावर, यावरून राज्य कुणाचं ते कळायचं. पण कापडाला पाय फुटतात. सिसिलीचा राजा रॉजर दुसरा, ख्रिश्चन, नॉर्मन, त्याच्यासाठी पालेर्मोत ११३३-३४ मध्ये एक लाल रेशमी झगा बनला, त्यावर सोन्याच्या जरीत दोन सिंह दोन उंटांना खाली दाबतायत, मोत्यांच्या रेघा, आणि खालच्या काठाला सगळीकडून कूफी नावाच्या कोनदार वळणातली अरबी अक्षरं, हिजरी सन ५२८ सकट. तो झगा पुढे पवित्र रोमन सम्राटांच्या राज्याभिषेकाला वापरला गेला आणि आज व्हिएन्नात आहे. म्हणजे ख्रिस्ती सम्राट शतकानुशतकं अरबी लिहिलेला झगा घालून मुकुट चढवून घेत होते. फ्रान्समध्ये आप्त नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये येशूच्या आजीचं, संत ॲनचं वस्त्र म्हणून एक तलम कापड जिवापाड जपलं. ते निघालं इजिप्तच्या दमिएत्ता इथलं तिराज, १०९६-९७ चं, फातिमी खलिफा अल-मुस्तालीचं नाव असलेलं. पहिल्या धर्मयुद्धाच्याच वेळचं कापड आहे ते, बहुतेक तेव्हाच तिकडे पोचलं. मारामाऱ्या करायला गेलेली माणसं येताना कापड घेऊन आली आणि पुजायला लागली, काय म्हणायचं याला.

आपल्याकडे हे इतकं लांबचं वाटू नये. सोलापूरहून गाडीत बसलं की दोन-अडीच तासांत गुलबर्गा. तिथे सूफी संत ख्वाजा बंदे नवाज यांचा दर्गा, ते १४२२ मध्ये गेले, आणि त्यांच्या उरुसाला सोलापुरातून किती लोक जातात ते जिल्काद या इस्लामी महिन्यात स्टेशनवर जाऊन बघा, त्यात टिळा लावलेले कितीतरी. मी गेले आहे. गलेफ चार कोपऱ्यांना धरून डोक्यावर आडवा ताणून मिरवत नेतात, खालून पोरं पळतात, वरून लोक गुलाब टाकतात, नाणी टाकतात, आणि मजारीवर पोचेपर्यंत कापडाला पोक येतं. मग तो आधीच्या गलेफांवर चढतो. त्या वेळी मला अल-महदीचे सेवेकरी आठवले, कारण तिथेही थोड्या थोड्या वेळाने वरचे काढून आत नेत होते, नाहीतर मजार दिसेनाशी झाली असती. आणि पुढे बिदरला गेलात तर अष्टूरला अहमद शाह वली बहमनीची कबर, तिच्या उरुसाला लिंगायत जंगम मान घेऊन येतो आणि तारीख धरतात ती चैत्रातली. आत घुमटाला रंगकाम असं केलंय की वर बघितलं की वाटतं कुणीतरी जरीचं छत बांधून ठेवलंय.

गलेफ चढवावा का नाही यावर मात्र एकमत नाही, आणि ते बाहेरून आलेल्या माझ्यासारखीने ठरवायचं पण नाही. चाचांच्या घरातच दोन पार्ट्या आहेत. मैत्रिणीचा भाऊ म्हणतो कबरीवर कापड घालणं दीनात बसत नाही, त्या पैशात चार गरिबांना कपडे होतील, आणि तो गलेफाचं काम घेत नाही, फक्त लग्नाचं घेतो. त्याने कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन पण आणलंय. चाचा म्हणतात गरिबाला कपडे दे की, तुला कुणी धरलंय, मी माझ्या हाताने वलींची खिदमत करतोय. दोघं एकाच ताटात जेवतात आणि जेवताना हेच भांडण असतं, चाची भाकरी वाढत वाढत दोघांनाही गप करतात. मला दोघांचं पटतं, आणि खरं सांगायचं तर मला गलेफ नको झाला तर चाचांचा अड्डा कसा चालणार याचीच काळजी जास्त. दर्ग्याबाहेरच्या दुकानांत आता सुरतचे रेडिमेड सॅटिनचे गलेफ लटकलेले असतात, चमकीची प्लास्टिकची जर, छापील कलमा, शे-दोनशेपासून. झालर तेवढी आमच्याकडच्या बायका घरी बसून लावतात, नगावर मजुरी, जशी टॉवेलच्या शिवणीला मिळते, विडीला मिळते. ज्या गल्लीत सकाळी विड्या वळल्या जातात तिथेच दुपारी हिरव्या सॅटिनला सोनेरी झालर लागत असते. पवित्र कापडाच्या गोष्टीत या बायका कुणी लिहीत नाही, कारण झालर लावण्यात कला दिसत नाही लोकांना. लावून बघा. सॅटिन सुईखालून पळतं.

दगडाच्या घुमटाला कारागीर एकदा लागतो आणि मग फक्त डागडुजी. कापड दरवर्षी लागतं. काबाचंही दरवर्षी उतरतं, जुन्याचे तुकडे करून पाहुण्यांना, देशांना देतात, पूर्वी काबाची चावी ज्यांच्याकडे असते ते शैबी घराणं ते तुकडे हाजींना विकायचं पण. हे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं म्हणून तर नूनच्या वळणावर तुकडा किती तिरका ठेवायचा हे अजून कुणाच्या तरी हाताला माहीत आहे.

तर गेल्या हिवाळ्यात मी बाबांना चाचांकडे घेऊन गेले. दोघांनी एकमेकांना मास्तर, उस्ताद म्हणत चहा घेतला, मग बाबांनी अड्ड्यावरचं काम बघितलं, आणि अर्थातच खाली वाकून उलट्या बाजूने बघितलं. उलटी बाजू साफ होती, एक गाठ दिसेना. बाबा एवढंच बोलले, "हं." हे त्यांच्याकडचं पारितोषिक आहे. मग फोनवर त्यांना किस्वाच्या काळ्या विणीचा फोटो मोठा करून दाखवला आणि बाबांनी खिशातून पेन काढून चाचांच्याच कागदावर चौकोन आखायला घेतले, नागमोडी पट्टी किती चौकोनात बसेल, पट्टीचा रिपीट किती. चाचा म्हणाले मास्तर, असं काळ्यावर काळं कापड इथं सोलापुरात निघालं तर मी त्याच्यावर भरीन, सॅटिनवर सुई मारून कंटाळा आलाय.

मग काय, बाबांनी ओळखीच्या एका कारखानदाराला गाठलं. मी पण गेले सोबत. माग खडखडत होते, ओरडून बोलावं लागत होतं. मालक तेलुगू-मराठी मिक्समध्ये म्हणाले काळ्यावर काळं निघंल, डिझाईन तुम्ही द्या, रेशीम नाही पण मर्सराईज्ड सूत चालवू, पण मास्तर, एक सांगा, अक्षरं टाकायची तर सेकंड माल निघाला तर काय करायचं? हा प्रश्न आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. सेकंड निघतोच. धागा तुटतो, डाग पडतो, पट्टी सरकते, आणि सेकंडचा माल सोलापुरात किलोवर जातो, त्याचं पुढे पायपुसणं होतं, गॅरेजमध्ये फडकं होतं. अल्लाहचं नाव विणलेलं कापड तसं कसं सोडणार. मालक म्हणाले मला ते टेन्शन नको, माझ्याकडचे निम्मे कामगारच ते कापड कापू देणार नाहीत.

चाचांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यात काय, मास्तरला सांगा नुसती नागमोडी विणा, रिकामी. पट्ट्या तुमच्या, अक्षरं मी वरून भरतो. माझ्या सुईला सेकंड नसतो.

आता डिझाईन तयार आहे. अडलंय ते मीटरवर. मालक म्हणतात एवढ्याशासाठी बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, मागावर चढवणं परवडत नाही, कमीत कमी इतके मीटर घ्या, आणि चाचा म्हणतात इतके मीटर भरायला मला दोन जन्म लागतील. मैत्रिणीच्या भावाने मध्येच तोंड घातलं की उरलेल्या कापडाचे बुरखे शिवू, काळंच आहे की, बाजारात नागमोडी कुणाकडे नाही. यावर चाचा अजून विचार करतायत आणि बाबांनी रुंदी बदलून दुसरा कागद आखायला घेतलाय.